बाहुलीचे विसर्जन

भोपाळच्या तुलसी नगरात सरकारी निवासांच्या ओळींत काही मराठी घरे आहेत. त्यांतल्या एका घरी भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी, म्हणजे नागपूर-वऱ्हाडाकडच्या भाषेत महालक्ष्म्या, उभ्या राहतात. लोखंडी सांगाड्यांना नेसवलेली भरजरी पातळे, वर रंगवलेले मुखवटे, नाकात नथ आणि टक्क उघडे डोळे. एका वर्षी शेजारचा एक हिंदीभाषी मुलगा आईचा हात धरून दर्शनाला आला आणि उंबऱ्यातच थबकला. "ये रात को चलती हैं क्या?" असे त्याने विचारले. घरातल्या आजी हसल्या आणि म्हणाल्या, "तीन दिन रहती हैं बेटा, फिर जाती हैं." मुलाला धीर आला असावा, कारण तो आत आला, त्याने पुरणपोळी मागून घेतली आणि जाताना गौरींना हातही केला.

मुलाचा प्रश्न चुकीचा नव्हता. बाहुली रात्री चालते, डोळे फिरवते, सूड घेते, हे त्याला चित्रपटांनी शिकवले होते. पण आजींचे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. बाहुली चालते की नाही, हा वाद त्यांनी केलाच नाही. त्यांनी फक्त जाण्याचा दिवस सांगितला. झपाटलेल्या बाहुलीविषयी माणसाला जे अखंड आकर्षण वाटत आले आहे, त्याची मीमांसा या उत्तरापासून सुरू करावी, असे माझे म्हणणे आहे.

पाश्चात्त्य विचारवंतांनी या भयाचा विचार पुष्कळ केला आहे. जेंट्श या मानसशास्त्रज्ञाने १९०६ साली असे मांडले, की समोरची वस्तू सजीव की निर्जीव याचा निर्णय होईना, म्हणजे मनाला एक विचित्र अस्वस्थता येते. हॉफमनच्या १८१६ मधल्या ‘सँडमॅन’ या कथेतील ऑलिंपिया ही यांत्रिक बाहुली त्याच्या डोळ्यांसमोर होती. फ्रॉइडने १९१९ साली हीच कथा हाती घेतली, पण भयाचे मूळ बाहुलीत न शोधता डोळे गमावण्याच्या भीतीत शोधले. पुढे १९७० मध्ये मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानवतज्ज्ञाने सांगितले, की माणसासारखी दिसणारी वस्तू एका मर्यादेपर्यंत आवडत जाते, आणि जवळजवळ माणूसच झाली की एकाएकी नकोशी होते. हे सारे खरे मानले तरी आपल्या गौरींचे कोडे त्याने सुटत नाही. पूर्ण उंचीची, साडी-दागिने ल्यालेली, माणसाच्या चेहऱ्याची ही मूर्ती माजघरात उभी असते. शिवाय तिच्यात देवता आली आहे असे घरातली सगळी माणसे मानतात. म्हणजे ती शब्दशः ‘झपाटलेली’च. तरी तिच्यासमोर मुले झोपतात, बायका रात्री जागून फुगड्या खेळतात. भय सादृश्यात असते तर हे घडले नसते. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, असा तिचा क्रम ठरलेला आहे. जो आत आला त्याला बाहेर जाण्याची वाट आहे आणि त्या वाटेचा दिवस पंचांगात छापलेला आहे. तिसऱ्या दिवशी अक्षता पडल्या की मुखवटे उतरतात, मऊ कापडात गुंडाळून पेटीत जातात, आणि सांगाडा पुन्हा सांगाडा होतो.

‘बाहुली’ या शब्दाकडेही थोडे पाहावे. मराठीत डोळ्याच्या मध्यभागी जो काळा ठिपका असतो, त्याला आपण डोळ्यातली बाहुली म्हणतो. हिंदीत त्यालाच पुतली म्हणतात. संस्कृतात कनीनिका हा शब्द आहे, आणि त्याचा दुसरा अर्थ लहान मुलगी. ग्रीकांचा आणि लॅटिनचा शब्द असाच, मुलगी किंवा लहान बाहुली या अर्थाचा. इतक्या भाषांना एकच कल्पना सुचली याचे कारण साधे आहे. दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून पाहिले की आपलीच एक चिमुकली प्रतिमा तिथे दिसते. बाहुली म्हणजे दुसऱ्याच्या दृष्टीत अडकलेले आपण. ‘दृष्ट लागणे’, कोकणीतली ‘दिश्ट’, आणि तिच्यावर उतारा म्हणून टांगलेली काळी बाहुली किंवा बावली, यांचा संबंध मी या अर्थाने लावतो. डोळ्याने केलेला अपाय डोळ्यातल्याच वस्तूवर घ्यायचा, असा हा हिशेब दिसतो. व्युत्पत्तिशास्त्र्यांनी तो मान्य करावा असा माझा आग्रह नाही.

आपल्या लोकाचारातल्या बाहुल्या या बहुतेक भारवाहक आहेत. खानदेशात आणि विदर्भात मुली भुलाबाई बसवतात. भुलाबाई आणि भुलोजी यांच्या त्या बाहुल्यांपुढे महिनाभर गाणी होतात, सासरची गाऱ्हाणी होतात, आणि कोजागिरीला त्यांचे विसर्जन होते. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन प्रचंड मारबती निघतात. इडापिडा, रोगराई, खोकला सारे घेऊन जा, असे ओरडत लोक त्यांच्यामागून चालतात, आणि शेवटी त्या जाळतात. काळ्या मारबतीचा संबंध भोसल्यांच्या घराण्यातल्या बाकाबाईशी जोडला जातो; इंग्रजांशी संगनमत केल्याचा राग त्या पुतळीत कोंबला गेला. बरोबरचे ‘बडगे’ तर दरवर्षी ताज्या राजकारणाचा आणि महागाईचा भार वाहतात. गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे गावोगावचे नरकासुर जळतात, आणि त्याच गोव्यात वर्षाच्या शेवटच्या दिवशी मुले जुन्या कपड्यांचा एक म्हातारा करून रस्त्याकडेला बसवतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पैसे मागतात, आणि मध्यरात्री तो ‘ओल्ड मॅन’ पेटवतात. दोघांचे धर्म निराळे, पण पुतळ्याची नेमणूक एकच.

या मालिकेतला सर्वांत गंभीर पुतळा मृत्यूशी संबंधित आहे. परदेशी वा पाण्यात मेलेल्या माणसाचा देह मिळाला नाही, तर पळसाच्या पानांचा व दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, असा आपल्याकडे विधी आहे. त्याला पालाशविधी म्हणतात. शरीराच्या एकेका भागासाठी पळसाची किती पाने घ्यावीत याची संख्या ठरलेली आहे, आणि त्यांची बेरीज तीनशे साठ होते. न परतलेल्या मुलाची आई ही पाने मोजताना पाहणे ही कोणत्याही भयकथेहून कठीण गोष्ट असली पाहिजे. इथे बाहुलीत आत्मा शिरत नाही. ज्याला जाण्याची वाट सापडली नाही, त्याला ती वाट बाहुली करून देते.

सगळेच काही सोज्ज्वळ नाही, हेही नमूद केले पाहिजे. उत्तर प्रदेशात नागपंचमीला मुली चिंध्यांच्या बाहुल्या करून चौकात वा तळ्याकाठी टाकतात आणि मुलगे त्यांना रंगीत काठ्यांनी बडवतात. ‘गुडिया’ असेच त्या सणाचे नाव. त्यामागे तक्षक आणि परीक्षित यांच्या वंशजांची एक कथा सांगतात, जिच्यात एका बाईच्या तोंडून गुपित फुटते आणि शिक्षा सगळ्या बायकांना होते. बहिणीने शिवायचे आणि भावाने झोडपायचे, हा खेळ मला कधी गोड वाटला नाही.

यातूनच आपण काळ्या बाहुलीच्या दुसऱ्या, अधिक अंधाऱ्या कामाकडे येतो. हीच बाहुली नव्या घराच्या बांबूला, मालमोटारीच्या पुढच्या बाजूला उलटी टांगली की रक्षक ठरते. आणि तिलाच टाचण्या टोचून, लिंबू आणि हळदकुंकू घालून तिठ्यावर ठेवली की ती करणी ठरते. टाचण्या टोचण्याची कल्पना काही आपली एकट्याची नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इजिप्तमधली मातीची एक लहान स्त्रीमूर्ती आहे, तिच्या अंगात तेरा सुया रुतलेल्या आहेत, आणि ती सुमारे सतरा शतकांपूर्वीची आहे. फ्रेझरने अशा सादृश्यमूलक जादूचा सिद्धान्तच मांडला: प्रतिमेला जे करावे ते मूळ व्यक्तीला होते. पण फ्रेझरच्या अभ्यासिकेत न जाणवणारी एक गोष्ट आपल्या गावात जाणवते. टाचण्यांची बाहुली सापडली, की तिच्यामुळे कोण आजारी पडेल हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. ती कोणी ठेवली, हा प्रश्न विचारला जातो. आणि त्याचे उत्तर बहुधा आधीच तयार असते: ती एकटी राहणारी विधवा, ती मूल न झालेली जाऊ, ती बांधावरून भांडणारी शेजारीण. बाहुलीत कोणी शिरलेले नसते, पण गावाचा संशय एका जिवंत बाईत शिरतो, आणि त्या संशयाला विसर्जनाचा मुहूर्त नसतो.

म्हणून बाहुलीच्या भयाकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहणे मला मान्य नाही. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या वतीने ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचले, तो त्यांच्या डोळ्यांदेखत झाला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. अमुक व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, असे भासवून तिचे जगणे कठीण करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे. कायद्याच्या अनुसूचीतले हे कलम वाचताना माझ्या मनात तिठ्यावरची बाहुली येते. टाचण्या काढण्यासाठी नव्हे, तर बोट दाखवणाऱ्याचा हात धरण्यासाठी हा कायदा आहे.

योगायोग असा, की त्याच २०१३ साली महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला २’ त्रिमितीत पडद्यावर आला. त्याचा पूर्वज, १९९३ चा ‘झपाटलेला’, हे मराठीतले या विषयावरचे सर्वांत लोकप्रिय काम. त्याच्या गुणदोषांचा विचार केल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. टॉम हॉलंड यांच्या १९८८ मधल्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटाचे ऋण त्यावर उघड आहे: मरता मरता एक खुनी मंत्राच्या बळावर आपला जीव बाहुल्यात घालतो, आणि मग त्याला बाहेर पडायला दुसऱ्याचा देह हवा असतो. कोठारे यांनी त्यात एक बदल केला, आणि चित्रपट तरला तो त्या बदलामुळे. अमेरिकन बाहुला फेरीवाल्याकडून विकत आणलेला आहे, तो एका लहान मुलाच्या हाती पडतो. मराठी बाहुला एका शब्दभ्रमकाराच्या घरी येतो. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी रंगवलेला लक्ष्या हा बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा आहे.

शब्दभ्रम या कलेचे मर्म असे, की आवाज माणसाचा आणि नजर बाहुलीवर. ओठ न हलवता बोलायचे तर प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण आडवे येतात, कारण ते ओठ मिटल्यावाचून होत नाहीत. त्यांच्या जागी जिभेने जवळचा एखादा वर्ण काढून कानाला फसवावे लागते. गंमत अशी, की ‘बाहुली’ हा शब्दच त्या कलावंताला अवघड. यशवंत पाध्ये यांनी ही कला मराठी रंगमंचावर रुजवली, त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी ती घरोघर पोचवली. त्यांचे अर्धवटराव आणि आवडाबाई माहीत नाहीत असा मराठी माणूस विरळा. अर्धवटराव पाहुण्यांचा उघड अपमान करीत, आणि लोक हसत, कारण त्या उद्धटपणाची जबाबदारी कोणावर आहे हे सगळ्यांना ठाऊक असूनही कोणी ती मागत नसे. ‘झपाटलेला’तला तात्या विंचू हा बाहुलाही रामदास पाध्ये यांचाच. ज्याच्या घरी बाहुल्यांना आवाज उसना मिळतो, त्याच्या घरी एक बाहुला स्वतःचा आवाज घेऊन येतो, आणि लक्ष्या जीव तोडून सांगतो की बोलणारा मी नव्हे. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, कारण त्याचा धंदाच तो आहे! हा प्रसंग अस्सल आहे. अमेरिकन मूळ कथेत तो नाही. भयाच्या जागी हास्य आणून मराठी चित्रपटाने कल्पनेचे अवमूल्यन केले, असे म्हणणारे समीक्षक मला भेटले आहेत. मला उलट वाटते. दिलीप प्रभावळकर यांनी तात्या विंचूला जो खर्जातला, गुरगुरणारा आणि तरी किंचित खुळा आवाज दिला, त्याने मराठी मुलांची एक सबंध पिढी घाबरली आणि त्याच दमात शाळेच्या मधल्या सुट्टीत त्याच्या मंत्राची नक्कलही करू लागली. घाबरवणाऱ्याची नक्कल करणे हाही एक उताराच आहे.

दोष आहे तो शेवटात. चित्रपटात बाहुल्याचा निकाल पोलिसाच्या गोळीने लागतो. गुन्हेगार मेला, न्याय झाला. पण ज्या वस्तूत जीव घातला ती वस्तू कोणी शांतवली नाही, तिचे पुढे काय करायचे हे कोणी विचारले नाही, आणि वीस वर्षांनी तात्या विंचू परत आला. दुसऱ्या भागात लक्ष्मीकांत बेर्डे नव्हते. ते २००४ सालीच गेले होते. माणूस गेला आणि बाहुला राहिला, ही गोष्ट चित्रपटाला मुद्दाम सुचवायची नसली तरी पाहणाऱ्याला टोचते. पुढचा भाग काढता यावा म्हणून राक्षस शिल्लक ठेवणे हा आज चित्रपटव्यवसायाचा नियम झाला आहे. ‘अ‍ॅनाबेल’ हा २०१४ चा हॉलिवुडपट आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या याच नियमाने चालल्या. तिथली मूळ बाहुली लाल लोकरीच्या केसांची, साधी चिंध्यांची आहे. पडद्यासाठी तिला चिनीमातीसारखा गुळगुळीत, क्रूर चेहरा देण्यात आला. चिंधीच्या बाहुलीची भीती वाटावी यासाठी जी कल्पकता लागते ती निर्मात्यांपाशी नसावी.

अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यात की वेस्ट येथील संग्रहालयात रॉबर्ट नावाचा एक बाहुला काचेच्या पेटीत बसलेला आहे. खलाशाचा पोषाख, मांडीवर एक लहान खेळण्यातला प्राणी. त्याची परवानगी न घेता छायाचित्र काढले तर अनर्थ होतो, अशी समजूत आहे, आणि ज्यांनी काढले ते घरी गेल्यावर त्याला क्षमायाचनेची पत्रे पाठवतात. ती पत्रे तिथे भिंतीवर लावलेली आहेत. पेटीतून त्याला कोणी बाहेर काढणार नाही, आणि कोणी त्याला निरोपही देणार नाही. जपानी लोकांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. त्यांच्याकडेही होक्काइदो बेटावरच्या एका देवळात केस वाढणारी ओकिकू नावाची बाहुली आहे, तिची भीती आहे. पण त्याच देशात जुन्या बाहुल्यांचे आभार मानून त्यांना निरोप देण्याचे विधी देवळादेवळांत होतात. वाकायामा येथील आवाशिमा देवस्थानात ३ मार्चला बाहुल्या होडीत घालून समुद्रात सोडल्या जातात. आपल्या आजींना हे सांगितले असते तर त्यांना त्यात नवल वाटले नसते.

भोपाळकराला या संदर्भात राजा भोजाची आठवण होणे अपरिहार्य आहे. इथल्या मोठ्या तळ्याला भोजताल म्हणतात, आणि त्याच्या पाण्यात भोजाचा पुतळा उभा आहे. ‘सिंहासन बत्तिशी’त याच भोजाला टेकाडाखाली विक्रमाचे सिंहासन सापडते. त्यावर बत्तीस पुतळ्या जडलेल्या आहेत. भोज बसू लागला की एकेक पुतळी बोलू लागते: विक्रमाचे औदार्य तुझ्यापाशी आहे काय? आणि ती एक गोष्ट सांगते. श्रीरामपूरच्या छापखान्यात १८१४ साली मोडी लिपीत ही कथा मराठीतून छापली गेली, म्हणजे मराठीतल्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांत बोलक्या बाहुल्यांचे एक पुस्तक आहे. पण लहानपणी वाचताना एक तपशील आपल्या ध्यानातून निसटतो. या पुतळ्या मुळात पार्वतीच्या सख्या. शापाने त्या जड झाल्या. भोजाशी बोलून त्यांच्या सगळ्या गोष्टी सांगून झाल्या, की त्यांची सुटका होते. त्या बाहुल्या राजाला भिववायला बोलत नाहीत, तर मोकळे होण्यासाठी बोलतात, आणि त्या ओघात राजाला त्याची उंची कळते. कोंडलेल्या जिवाची अशी कथा आपल्याकडे असताना आपले पटकथाकार दर वेळी अमेरिकेकडून मंत्र का मागवतात, हे मला कळत नाही.

सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाच्या कलावंतांनी कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी जिवंत ठेवल्या आहेत. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरच्या गोठ्याचे आता संग्रहालय झाले आहे. तिथे खेळ सुरू होताना आधी गणपती येतो, मग सरस्वती येते, मग राम-रावण. दोरी हलते तोवर रावण रावण असतो. खेळ संपला की तो खुंटीला. ज्ञानेश्वरीत अशा बाहुलीला सायखडे म्हटले आहे, आणि दोरी हलवणाऱ्यावाचून तिला स्वतःची इच्छा नाही हे तत्त्वज्ञान तिथून आपल्याला परिचयाचे आहे. पिंगुळीकर कलावंताला ते शिकवावे लागत नाही. त्याच्या हाताला दोरीचे घट्टे असतात.

तुलसी नगरातल्या त्या घराच्या समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक काळी बाहुली सज्जाच्या गजाला उलटी बांधलेली आहे. सरकारी निवास असल्याने राहणारे बदलत गेले. कोणी बांधली, कोणासाठी बांधली, हे आता तिथे राहणाऱ्या कोणालाच माहीत नाही. मध्यंतरी इमारतीला रंग दिला गेला तेव्हा रंगाऱ्याने तिच्याभोवतीने कुंचला फिरवला. गजाचा तेवढा भाग जुन्या रंगाचाच राहिला आहे. पावसाने तिचा एक हात कुजून गेला आहे. मी एकदा त्या घरी गेलो होतो आणि सज्जात उभा राहून चहा घेतला होता. घरच्या बाई म्हणाल्या, "आम्ही आलो तेव्हापासून आहे, म्हणून राहू दिली." हात लांबवला असता तर गाठ सहज सुटली असती. मी कप ठेवला आणि निघून आलो.